तो लाईनकडूनच जाणार होता

मी लेफ्ट बॅक खेळायचो, म्हणजे डाव्या कडेचा बचाव. शाळेत तीन वर्षं, मग पेठेतल्या तालमीच्या ज्युनिअर संघात दोन वर्षं, आणि त्यानंतर कुठेच नाही. लेफ्ट बॅकची जागा कुणी हौसेने मागून घेत नाही. फॉरवर्डला गोल मिळतो, गोलकीपरला निदान वेगळ्या रंगाची जर्सी मिळते. लेफ्ट बॅकच्या वाट्याला चुन्याची एक रेघ येते आणि त्या रेघेच्या कडेने सुसाट अंगावर येणारा कुणीतरी.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल वाढवला तालमींनी. जिथे लाल मातीत जोड लागायचे त्याच तालीम मंडळांनी संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आजही शाहू स्टेडियमवर घेतली की गॅलरीचे तट पडतात. वर्ल्ड कप आला की गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. आमची गल्ली ब्राझीलची. का, ते विचारायचं नसतं. कुलदैवत हेच का, असं घरात कोण विचारतं?

तर पलीकडच्या पेठेत एक राईट आउट होता, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा विंगर. नाव लिहीत नाही, कारण तो अजून शहरात आहे आणि त्याला कळलं तर दारात येऊन पुन्हा एकदा कट मारून जाईल. त्याच्याशी मॅच असली की आदल्या दिवशी सर मला बाजूला घ्यायचे. "हे बघ, त्याला आत येऊ द्यायचं नाही. लाईनकडं ढकल. लाईनकडं गेला तर जाऊ दे, तिकडनं काय होत नाही. आणि अंगाकडं बघू नको, बॉलकडं बघ."

जगातल्या कुठल्याही मैदानावर लेफ्ट बॅकला हेच शिकवतात. गोल आत आहे, लाईन बाहेर आहे. विंगर आत घुसला तर त्याला शॉट मारायला अख्खा गोल दिसतो. बाहेर गेला तर पुढे थोडी जागा, मग गोललाईन, मग गॅलरी. म्हणून शहाणा बॅक आतला दरवाजा लावून घेतो आणि बाहेरचा उघडा ठेवतो.

तो यायचा आणि माझ्यापुढे चार हातांवर थांबायचा. बॉलही थांबायचा. मग तो डावा खांदा टाकायचा, जणू आत निघाला. माझं सगळं वजन आतल्या पायावर जायचं. आणि तो लाईनकडून निघून जायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. आत यायची त्याने नुसती हूल दिली होती हे मला कळत होतं. पहिल्याच वेळी कळलं होतं. दुसऱ्या वेळी मी ठरवून आलो होतो की झुकायचं नाही, आणि तरी झुकलो. हाफ टाइमला सर काही बोलले नाहीत, नुसती लिंबाची फोड पुढे केली. ते जास्त लागलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तिशी उलटल्यावर, कम्प्युटरच्या पडद्यावर मी ब्राझीलचा जुना राईट आउट गारिंचा पहिल्यांदा पाहिला. नाव ऐकून होतो. ब्राझीलच्या गल्लीत वाढलेल्याच्या कानावर पेलेनंतर ते नाव पडतंच. पण हलताना पाहिला नव्हता. काळी-पांढरी, पावसात भिजल्यासारखी फिल्म, कॅमेरा लांब गॅलरीत, खेळाडू काडेपेटीतल्या काड्यांएवढे. त्यातली एक काडी उजव्या कडेला येऊन थांबली. समोर दुसरी काडी. पहिलीने खांदा आत टाकला. दुसरी आत झुकली. पहिली लाईनकडून गेली.

मी खुर्चीत आत झुकलो होतो.

पोर्तुगीज वळणाच्या घरांत लांबलचक नावं असतात तसं गारिंचाचंही होतं: मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म 28 ऑक्टोबर 1933, रिओ राज्यातल्या पाऊ ग्रांदे या गावी. गाव म्हणजे कापडगिरणी आणि गिरणी म्हणजे गाव. घरं गिरणीची, नोकऱ्या गिरणीच्या, फुटबॉलचा संघही गिरणीचा. इचलकरंजी जवळ असल्यामुळे मला हे चित्र फारसं परकं वाटत नाही. पोरगा चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामात त्याचं चित्त नसायचं. गिरणीला त्याचे हात नको झाले होते, पण संघाला त्याचे पाय हवे होते, म्हणून तो टिकला, असं सांगतात. गारिंचा हे नाव बहिणीने ठेवलेलं. तिकडचा चिमणीहूनही लहान, तपकिरी, गाणारा एक पक्षी. पिंजऱ्यात टिकत नाही म्हणतात. (प्रत्येक थोर माणसाच्या टोपणनावात त्याचं भविष्य शोधायची खोड लिहिणाऱ्यांना असते, म्हणून पक्ष्याचा विषय इथेच सोडतो.)

आणि पाय. त्याच्या पायांबद्दल लिहिल्याशिवाय कुणाला पुढे जाता आलेलं नाही. दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले: उजवा गुडघ्यातून आत, डावा बाहेर. वर डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड. सरळ उभा राहिला तरी वारा लागलेल्या झाडासारखा दिसायचा. आपल्याकडे जनकाच्या सभेत अष्टावक्र आला तेव्हा पंडित आधी हसले होते. गारिंचाला बघून हसणारे पंडितही कमी नव्हते. एकदोन मोठ्या क्लबांनी तर त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

1953 मध्ये रिओच्या बोटाफोगो क्लबात त्याची चाचणी झाली. समोर लेफ्ट बॅक उभा केला निल्टन सांतोस. हा साधासुधा बॅक नव्हता. ब्राझीलचा खेळाडू, आणि खेळातलं इतकं कळायचं की लोक त्याला 'एनसायक्लोपीडिया' म्हणायचे. गिरणीतून आलेल्या वाकड्या पायांच्या पोराने या ज्ञानकोशाच्या दोन पायांमधून बॉल काढला आणि पलीकडून निघून गेला. चाचणी संपल्यावर निल्टन सांतोसने क्लबवाल्यांना सांगितलं की याला आजच्या आज घ्या, मला याच्याविरुद्ध खेळायचं नाही. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, तिचे चार पाठभेदही असतील. पण एका लेफ्ट बॅकने दिलेलं हे सर्टिफिकेट मला फार मोलाचं वाटतं. समोर उभं राहिल्याशिवाय ते देता येत नाही. पुढे हे दोघे जिवाभावाचे मित्र झाले आणि 1958 व 1962 असे दोन वर्ल्ड कप एकत्र जिंकले. चाचणीच्याच वर्षी, 1953 च्या जुलैमध्ये, बोन्सुसेसो क्लबाविरुद्धच्या पहिल्याच मोठ्या सामन्यात गारिंचाने तीन गोल केले.

आता त्या हुलीबद्दल. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, पाव वेगाने, थांबवून, मागे नेऊन, एकेक चित्र करून. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तो बॉल घेऊन येतो आणि थांबतो. पहिली गंमत इथेच आहे. विंगर म्हणजे वेग असं आपण धरून चालतो, आणि हा उभा राहतो. बॉल त्याच्या उजव्या पायाच्या थोडा पुढे, मेलेला. समोरचा बॅकही थांबतो, कारण थांबलेल्या बॉलवर झडप घालायची की नाही हे ठरवायला त्याला पाव सेकंद हवा असतो. आता गारिंचा डावीकडे, म्हणजे मैदानाच्या आत, सगळं अंग टाकतो. खांदा, कंबर, मान, कधी एक अख्खं पाऊल. बॉल मात्र तिथेच. मग तो परत येतो. पुन्हा अंग टाकतो. बॉल अजून तिथेच. आणि मग उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने बॉल लाईनकडे ढकलून दोन-तीन पावलांत तो नाहीसा होतो.

"अंगाकडं बघू नको, बॉलकडं बघ" हा सरांचा दुसरा मंत्र इथे फसतो. बॉलकडेच बघत राहावं तर बॉल हलतच नाही. जी वस्तू हलत नाही तिच्याकडे माणूस किती वेळ बघेल? डोळा शेवटी हलणाऱ्या गोष्टीकडे जातो. आणि पहिला मंत्र, आत येऊ देऊ नको, तो तर गारिंचाच्या पथ्यावरच पडतो. त्याची हूल आपल्या भीतीच्या दिशेने असते. गोल आत आहे, धोका आत आहे, सर ओरडणार आहेत ते आत गेला म्हणून. आपण आत झुकतो ते फसलो म्हणून नाही, जबाबदार आहोत म्हणून झुकतो. आणि तो जातो त्या बाजूने, जी आपणच त्याला देऊन टाकली होती. 'तिकडनं काय होत नाही' म्हणून.

तिकडनं काय होतं ते 29 जून 1958 रोजी स्वीडनमध्ये सोल्नाच्या रोसुंडा स्टेडियमवर दिसलं. वर्ल्ड कपची फायनल. चौथ्या मिनिटाला लीडहोल्मने गोल करून यजमान स्वीडनला पुढे नेलं. नवव्या मिनिटाला गारिंचा उजव्या लाईनवर. समोर लेफ्ट बॅक स्वेन आक्सबोम. हूल, लाईनकडून पसार, गोललाईनजवळून गोलसमोर बॉल, आणि ब्राझीलचा फॉरवर्ड वावा याने पाय लावला. बत्तिसाव्या मिनिटाला पुन्हा तीच लाईन, पुन्हा पसार, पुन्हा तिथूनच बॉल, पुन्हा वावा. दोन्ही गोल शेजारी शेजारी लावून पाहिले तर एकाच गोलची दोनदा छापलेली प्रत वाटते. ब्राझीलने ती फायनल 5-2 ने जिंकली. सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले आणि जगाच्या लक्षात ते राहिले, ते योग्यच आहे. पण मला आक्सबोम आठवतो. बत्तिसाव्या मिनिटाला त्याला माहीत होतं. तेवीस मिनिटांपूर्वीच तर झालं होतं.

आपल्या ऐकण्याच्या सवयीत हे बसतं, असं मला वाटतं. बंदिश माहीत असते, सम कुठे येणार हे माहीत असतं, तबलजीला माहीत असतं, पहिल्या रांगेतल्या काकांनाही माहीत असतं, त्यांचा हात मांडीवर वर उचललेलाच असतो. आणि गवई समेवर आला की तरीही 'वा' निघते. आनंद नवलाचा नसतोच. गारिंचा कुठे जाणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक असायचं. कधी जाणार, तेवढंच त्याच्या हातात होतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मेक्सिकोत बोटाफोगोची अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाशी मॅच होती. रिव्हरचा लेफ्ट बॅक वायरो, नावाजलेला खेळाडू. मेक्सिको हा बैलांच्या झुंजीचा देश. बैल लाल फडक्यावर धावून जातो, माटाडोर फडकं बाजूला घेतो, आणि लोक ओरडतात, "ओले!" त्या दिवशी गारिंचाने वायरोला चुकवलं की गॅलरीतून तोच आवाज उठायला लागला. पुन्हा चुकवलं, पुन्हा ओले. फुटबॉलच्या मैदानावर हा आरोळा तिथूनच आला असं मानतात. एकदा तर गारिंचा बॉल जागेवर ठेवून नुसताच पळाला आणि वायरो त्याच्यामागे पळाला, बॉल बिचारा एकटाच उभा. ही हकिगत सांगायचे बोटाफोगोचे तेव्हाचे प्रशिक्षक जुआंव साल्दान्या, आणि ते गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध होते, तेव्हा मीठमसाला आपापल्या चवीनुसार कमी करावा. शेवटी रिव्हरच्या प्रशिक्षकाने वायरोला बाहेर बोलावलं. मला सरांची लिंबाची फोड आठवली.

जुआंव हे नाव गोव्याजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. पावसाळ्यात फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात तो सांजांव याच नावाच्या संताचा. आपल्याकडे गणपत किंवा पांडुरंग असावा इतकं ते नाव पोर्तुगीज मुलखात सर्रास. गारिंचा म्हणे समोरच्या प्रत्येक बॅकला 'जुआंव' म्हणायचा. आज कोण आहे रे समोर? असेल कुणीतरी जुआंव. ही गोष्ट कुणा पत्रकाराने रचली असंही म्हणतात. रचलेली असली तरी आम्हां बॅक लोकांना मान्य आहे. आमचं नाव लक्षात ठेवायची त्याला गरजच काय?

योगायोग असा की 1958 च्या वर्ल्ड कपला ब्राझीलने जो मानसशास्त्रज्ञ सोबत नेला होता त्याचंही नाव जुआंवच: जुआंव कार्व्हालाएस. त्याने खेळाडूंच्या लेखी चाचण्या घेतल्या. गारिंचाला इतके कमी गुण पडले की मोठ्या सामन्यांच्या दडपणाला तो अयोग्य ठरला. पेलेबद्दलही शेरा आला, अजून पोरकट आहे म्हणून. पहिल्या दोन सामन्यांत दोघेही बाहेर होते. ऑस्ट्रियाला हरवलं, इंग्लंडशी 0-0 झालं. मग 15 जूनला गोथेनबर्गमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध दोघांना उतरवलं.

सोव्हिएत संघ म्हणजे तेव्हाचा हौवा. 1956 चं ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांचं. गोलमध्ये लेव्ह याशिन. शास्त्रशुद्ध फुटबॉल, शास्त्रशुद्ध व्यायाम. शिटी वाजली आणि बॉल उजवीकडे गारिंचाकडे आला. लेफ्ट बॅक कुझ्नेत्सोव्ह समोर. एक मिनिटही झालं नव्हतं तोवर गारिंचाने त्याला ओलांडून मारलेला शॉट पोस्टवर आदळला. लगेच पेलेचा शॉटही गोलच्या चौकटीवर. तिसऱ्या मिनिटाला वावाचा गोल. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो याने त्या आरंभाला फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत थोर तीन मिनिटं म्हटलं. मॅच 2-0 ने संपली. सोव्हिएत बॅक एकट्याने भागेना म्हणून मदतीला आणखी एक आला, मग तिसरा. पाव इंचाच्या काड्या कडेला एकावर एक गोळा होताना त्या फिल्ममध्ये दिसतात.

त्या मॅचच्या आधीचा एक किस्सा फार चालतो. प्रशिक्षक फेओला यांनी फळ्यावर सगळं समजावलं: बॉल इकडून तिकडे, मग तू याला चुकव, मग तिकडे पास. गारिंचाने म्हणे विचारलं, "हे सगळं रशियनांना विचारून ठरवलंय ना?" दुसरा किस्सा रेडिओचा. स्वीडनमध्ये त्याने हौसेने ट्रान्झिस्टर घेतला, सोबत्यांनी सांगितलं की अरे वेड्या, हा फक्त स्वीडिशच बोलणार, आणि याने तो निम्म्याहून कमी किमतीत विकून टाकला.

हे किस्से मला आवडत नाहीत. म्हणजे हसू येतं, पहिला तर झकासच आहे, पण त्यांच्यामागे एक चाल आहे. गिरणीतला, न शिकलेला, वाकड्या पायांचा माणूस इतका भारी खेळतो याचा हिशेब लागत नाही, म्हणून मग त्याला देवभोळा, बाळबुद्धीचा ठरवायचं. तो कसा खेळतो ते त्यालाच कळत नाही म्हटलं की आपली सुटका होते. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, ते कधी हलणार, हलल्यावर परत यायला त्याला किती वेळ लागणार, हा हिशेब दर दोन मिनिटांनी, दर वेळी नव्या माणसासमोर बिनचूक करणं याला बुद्धी म्हणायचं नाही तर कशाला? पेपरावर गुण पडले नाहीत इतकंच. आणि रशियनांचा प्रश्न खरोखर विचारला असेल, तर त्या खोलीतला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न तोच होता.

1962 चा वर्ल्ड कप चिलीत. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि पुन्हा उतरलाच नाही. आणि इथे गारिंचाने माझ्यासारख्यांची सगळी मांडणी उधळून लावली. जो माणूस फक्त लाईनकडून जातो म्हणून आपण त्याच्यावर निबंध लिहायला बसलो, तो उठून सगळंच करायला लागला. क्वार्टर फायनलला व्हिन्या देल मारमध्ये इंग्लंडविरुद्ध पहिला गोल हेडने, कॉर्नरवर, साडेपाच फुटी माणसाने. तिसरा गोल पेनल्टी एरियाच्या बाहेरून, हवेत वळत गेलेला. मधला वावाचा, पण तोही गारिंचाच्या फ्री किकवरून. 3-1. समोरचा लेफ्ट बॅक होता रे विल्सन, जो चार वर्षांनी इंग्लंडच्या वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघात होता. म्हणजे हा जुआंवही काही लेचापेचा नव्हे. सेमी फायनलला सान्तियागोत खुद्द चिलीविरुद्ध आणखी दोन: नवव्या मिनिटाला डाव्या, म्हणजे त्या आखूड पायाने लांबून मारलेला, आणि पुन्हा एक हेड. 4-2. चिलीच्या एका वर्तमानपत्राने विचारलं, गारिंचा कुठल्या ग्रहावरून आला आहे?

इंग्लंडच्या त्या मॅचमध्ये एक कुत्रं मैदानात शिरलं होतं. गारिंचालाही ते सापडेना. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजने चार पायांवर रांगत जाऊन पकडलं आणि कुत्र्याने त्याच्या जर्सीवर आपला अभिप्राय नोंदवला. नंतर ते कुत्रं सोडतीत गारिंचाच्या वाट्याला आलं आणि तो ते घरी घेऊन गेला. जगात ज्याला कुणी पकडू शकत नाही त्याला चकवलेला एकमेव जीव त्याने पाळला, हे मला बरोबर वाटतं.

सेमी फायनलच्या शेवटी शेवटी, दिवसभर लाथा खाल्ल्यावर, त्याने एकाला परत लाथ मारली आणि रेफ्रीने गारिंचालाच बाहेर काढलं. नियमाने फायनल चुकायला हवी होती. चुकली नाही. ज्या लाईन्समनने ते पाहिलं होतं तो चौकशीच्या वेळी चिलीतून निघून गेलेला होता. पडद्यामागे काय शिजलं याच्या कथा अनेक आहेत, आणि ब्राझीलच्या गल्लीत वाढलो असलो तरी हे स्वच्छ नव्हतं असंच मला वाटतं. फायनलला तो अंगात ताप घेऊन खेळला, फारसं काही करू शकला नाही. चेकोस्लोव्हाकियाने त्याच्या अंगावर दोन-दोन माणसं सोडली होती, आणि बाकीच्यांनी 3-1 ने मॅच काढली.

पुढचं मी भरभर सांगणार आहे. गुडघे गेले. क्लबने ते इंजेक्शनं मारून मारून पळवले. पैशाचे करार तो कोऱ्या कागदावर सही करून द्यायचा. 1966 च्या वर्ल्ड कपला तो गेला तो सावलीसारखा. बल्गेरियाविरुद्ध फ्री किकवर एक गोल, आणि मग 15 जुलैला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हंगेरीकडून 3-1 ने हार. ब्राझीलसाठी तो पन्नास सामने खेळला, त्यातला हा शेवटचा, आणि हरलेला हा एकच. पेले आणि तो जोडीने उतरले असताना तर ब्राझील कधीच हरलं नाही.

दारू पहिल्यापासून होती, नंतर तीच राहिली. गायिका एल्झा सोआरेसशी त्याचा संसार गाजला आणि नासला. त्याने तिच्यावर हात टाकला. 1969 मध्ये तो गाडी चालवत असताना झालेल्या अपघातात तिची आई गेली. या गोष्टी त्याच्या वाकड्या पायांइतक्याच खऱ्या आहेत आणि त्यांना 'कलंदर कलावंत' वगैरे शब्दांची शाल पांघरायची माझी तयारी नाही. 1973 च्या डिसेंबरात रिओच्या मारकाना स्टेडियमवर त्याच्या निरोपाचा सामना झाला, लाखावर लोक आले. 1980 च्या कार्निव्हलमध्ये त्याला एका रथावर बसवून मिरवलं. त्या मिरवणुकीत तो शून्यात बघत बसला होता. ते चित्र मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहणार नाही. 20 जानेवारी 1983 रोजी तो गेला तेव्हा 49 वर्षांचा होता. मारकानाहून पाऊ ग्रांदेपर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती. ब्राझीलमध्ये त्याला 'लोकांचा आनंद' म्हणत. पेलेला राजा म्हणत. राजाला मुजरा करतात. आनंदाला कुणी मुजरा करत नाही, तो आला की नुसते दात दिसतात.

मारकानाच्या गॅलरीत लोक हसायचे, हे त्याला पाहिलेल्या बहुतेकांनी लिहून ठेवलं आहे. गोल झाल्यावर ओरडायचे ते वेगळं. तो बॉल घेऊन लाईनवर थांबला की आधीच खसखस पिकायची. या हसण्यात मला कधी कुचेष्टा दिसली नाही, आणि मी ज्या बाजूने बघतो तिथून ती दिसायला हवी होती. विनोद आधीच माहीत असलेल्या माणसांचं ते हसणं होतं. त्याच्याच काळातली एक हकिगत सांगतात. 1960 मध्ये रिओच्याच फ्लुमिनेन्से क्लबाविरुद्ध समोरचा पिन्येरो दुखावून खाली पडला. बॉल गारिंचाकडे, पुढे गोल जवळजवळ मोकळा. त्याने बॉल लाईनबाहेर मारला आणि उभा राहिला. फ्लुमिनेन्सेच्या लेफ्ट बॅकने, अल्तायरने, थ्रो घेऊन बॉल परत बोटाफोगोला दिला. आता ही रीतच आहे, तेव्हा नव्हती. अल्तायरही त्याच्याकडून अनेकदा हरलेला. आम्हां लोकांचा त्याच्यावर राग का नव्हता ते मला या गोष्टीवरून थोडं समजतं.

मागच्या हंगामात बऱ्याच वर्षांनी शाहू स्टेडियमवर गेलो होतो. पेठांची मॅच, गॅलरी भरलेली, ढोल, शिट्ट्या. हाफ टाइमला भडंग घ्यायला खाली उतरलो तर समोर तो. पलीकडच्या पेठेतला राईट आउट. पोट सुटलेलं, केस गेलेले, हातात नातवंडाचं बोट. त्याने मला ओळखलं, याचंच मला नवल वाटलं. जुआंव लक्षात राहिला होता म्हणायचा.

इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलंच. चाळीस वर्षं पोटात होतं.

"एक सांग. दर वेळी लाईनकडनंच का जायचास? एकदा तरी आत आला असतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला.

"आत कसा येणार लेका? डावा पायच चालत न्हवता माझा. बॉल डावीकडं घेतला तर पाच फुटांवर जाऊन पडायचा. समद्या पेठेला म्हाईत होतं की." भडंगाचा घास तोंडात टाकून तो म्हणाला, "तू आत का जायचास, ते सांग मला."

मला काही सांगता आलं नाही. दुसरा हाफ सुरू झाल्याची शिटी वाजली, गर्दी पायऱ्यांकडे लोटली. जिन्याच्या तोंडाशी आम्ही समोरासमोर आलो, दोघांना एकाच वाटेने जायचं होतं. त्याने नातवंडाला कडेवर घेतलं आणि डावा खांदा किंचित खाली टाकला. मी बाजूला झालो.

तो भिंतीकडून वर गेला.